दिल्ली ते सॅन फ्रान्सिस्को : अंतर ठरलेलं, वेळ मात्र ठरलेली नाही

आजचा विषय जाहीर झाल्यावर आम्हाला दोघा-तिघांनी विचारलं, की दोन विमानतळांमधलं अंतर हा काय व्याख्यानाचा विषय आहे? संगणकावर दोन नावं टाकली की क्षणात उत्तर येतं. खरं आहे. दिल्ली आणि सॅन फ्रान्सिस्को ही नावं टाका, सुमारे १२,४०० किलोमीटर हा आकडा येईल. त्याच्या खाली प्रवासाचा वेळ लिहिलेला असेल, साधारण पंधरा तास.

हा पंधरा तासांचा आकडा कसा काढतात? अगदी सोपं आहे. मोठं प्रवासी विमान ताशी सुमारे ८५० किलोमीटर जातं असं धरायचं. १२,४०० ला ८५० नी भागलं की साडेचौदा तास येतात. चढण्या-उतरण्यासाठी अर्धा तास मिळवायचा. झाले पंधरा.

आता ज्यांनी हा प्रवास केला आहे त्यांना विचारा. कुणी म्हणेल साडेचौदा तासांत पोचलो. कुणी म्हणेल सतरा तास लागले. कुणी सांगेल, थेट विमानाचं तिकीट काढलं होतं आणि मध्येच युरोपात इंधन भरायला उतरवलं. हे सगळे खरंच बोलत असतात. दोन्ही विमानतळ तर जागचे हललेले नाहीत. मग वेळ का हलते? आज आपल्याला एवढाच प्रश्न सोडवायचा आहे.

आणि हा प्रश्न कागदावरचा नाही. सॅन फ्रान्सिस्कोच्या आसपासच्या भागात मराठी कुटुंबं भरपूर आहेत. आज इथे बसलेल्यांपैकी कित्येकांचा मुलगा, मुलगी, भाचा, पुतणी तिकडे असेल. सत्तरीतले आई-वडील पहिल्यांदा एकटे निघतात तेव्हा "किती वाजता पोचणार" याच्या आधाराने घरातली सगळी आखणी होते. गोळ्या कधी घ्यायच्या, न्यायला कोण येणार, पुढचं विमान मिळणार की चुकणार, हे त्यावर ठरतं. म्हणून आपण हिशोब मुळापासून करू.

पहिली गोष्ट : नकाशावरची सरळ रेघ आणि गोलावरचा दोरा

शाळेतला जगाचा नकाशा डोळ्यांसमोर आणा. दिल्ली साधारण २८.५ उत्तर अक्षांशावर, सॅन फ्रान्सिस्को ३७.५ च्या जरा वर. नकाशावर पूर्वेकडे पट्टीने रेघ ओढली तर ती चीन, जपान आणि पॅसिफिक महासागरावरून जवळजवळ आडवी जाते. या रेघेने गेलो तर अंतर किती भरतं? सुमारे १५,००० किलोमीटर. आणि संगणक तर १२,४०० म्हणतो. अडीच हजार किलोमीटर कुठे गेले?

ते गेले पृथ्वीच्या गोलाईत. घरी पृथ्वीचा गोल असेल तर एक दोरा घ्या. एक टोक दिल्लीवर धरा, दुसरं सॅन फ्रान्सिस्कोवर, आणि दोरा ताणा. तो आपोआप सरकत सरकत वर जाईल. दिल्लीहून जवळजवळ उत्तरेकडे निघून हिमालय, तिबेट, पश्चिम चीन, सैबेरिया असं करत तो ७५ अंश उत्तर अक्षांशाच्याही वर चढतो, आर्क्टिक महासागराला स्पर्श करतो आणि अलास्कावरून खाली उतरतो. भूगोलाच्या पुस्तकात याला बृहद्वृत्ताचा मार्ग म्हणतात. गोलावरच्या दोन ठिकाणांमधलं सर्वांत कमी अंतर हेच.

नकाशा खोटं बोलतो का? खोटं नाही, पण गोल वस्तू सपाट कागदावर पसरायची तर कुठेतरी ताणावंच लागतं. संत्र्याची साल टेबलावर दाबून सपाट करून बघा, कडा फाटतात. त्या फटी भरून काढण्यासाठी नकाशात ध्रुवांकडचा भाग रुंद केलेला असतो. त्यामुळे उत्तरेकडचा जवळचा रस्ता कागदावर लांबचा दिसतो.

तेव्हा १२,४०० हा आकडा म्हणजे ताणलेल्या दोऱ्याची लांबी. मुंबईपासून दोरा धरला तर तो १३,५०० च्या आसपास भरतो. पण लक्षात ठेवा, विमान दोऱ्यावरून जाईलच असं नाही. ते का जात नाही, याची तीन कारणं आहेत.

दुसरी गोष्ट : वारा

एअर इंडियाने दिल्ली–सॅन फ्रान्सिस्को थेट सेवा २ डिसेंबर २०१५ रोजी सुरू केली. विमान होतं बोईंग ७७७-२०० एलआर. सुरुवातीला ते अटलांटिकच्या बाजूने, म्हणजे पश्चिमेकडून जायचं. हा मार्ग सुमारे १३,९०० किलोमीटरचा होता आणि वेळ लागायचा साधारण साडेसोळा तास.

२०१६ च्या ऑक्टोबरात कंपनीने मार्ग उलटा केला. विमान दिल्लीहून पूर्वेकडे निघालं आणि म्यानमार, चीन, जपान, पॅसिफिक असं करत पोचलं. अंतर झालं सुमारे १५,३०० किलोमीटर. त्या वेळचं ते जगातलं सर्वांत लांबचं थेट प्रवासी उड्डाण ठरलं. आणि वेळ लागला साडेचौदा तास!

म्हणजे १,४०० किलोमीटर जास्त चालून दोन तास आधी घरी. तोंडी गणित करून बघा. १३,९०० भागिले साडेसोळा, म्हणजे ताशी सुमारे ८४० किलोमीटर. १५,३०० भागिले साडेचौदा, म्हणजे ताशी सुमारे १,०५०. विमान तेच, इंजिनं तीच. ताशी दोनशे किलोमीटरचा फरक आला कुठून?

सरकता जिना सगळ्यांनी पाहिलाय. जिन्याच्या दिशेने चालत गेलो तर झटकन वर पोचतो. लहान मुलं गंमत म्हणून उलटं चढतात, तेव्हा पाय तितकेच हलतात पण अंतर कापलं जात नाही. विमानाचं तसंच असतं. विमान हवेच्या मानाने ठरावीक वेगाने जातं. ती हवा स्वतःच वाहत असेल तर जमिनीच्या मानाने वेग वाढतो किंवा घटतो.

आणि हवा वाहत असते, चांगलीच जोरात. जमिनीपासून साधारण ९ ते १२ किलोमीटर उंचीवर, म्हणजे नेमकी जिथे प्रवासी विमानं उडतात तिथे, पश्चिमेकडून पूर्वेकडे वेगवान वाऱ्यांचे पट्टे वाहतात. त्यांना जेट स्ट्रीम म्हणतात. विषुववृत्ताकडची हवा तापलेली, ध्रुवाकडची थंड, आणि त्यात पृथ्वीचं फिरणं, यांतून हे वारे तयार होतात. उष्ण-थंड हा फरक हिवाळ्यात वाढतो, म्हणून हिवाळ्यात हे वारेही जोर धरतात. ताशी दीडशे-दोनशे किलोमीटर ही त्यांची नेहमीची चाल, आणि कधी कधी ती तीनशेच्याही पुढे जाते. त्यांतले सर्वांत जोरकस वारे जपान आणि त्याच्या पूर्वेच्या पॅसिफिकवर असतात. दिल्लीहून पूर्वेकडे गेलेलं विमान या वाऱ्यावर स्वार झालं, इतकंच.

या वाऱ्यांच्या शोधाची गोष्ट मजेशीर आहे. १९२० च्या दशकात जपानमध्ये वासाबुरो ओइशी नावाचे हवामानशास्त्रज्ञ आकाशात फुगे सोडून वाऱ्याचा वेग मोजत होते. उंचावर प्रचंड वेगाचे वारे आहेत हे त्यांना दिसलं. जगाला कळावं म्हणून त्यांनी निष्कर्ष एस्पेरांतो या आंतरराष्ट्रीय म्हणून बनवलेल्या भाषेत छापले. ती भाषा वाचणारे मोजकेच, त्यामुळे जगाला काही कळलं नाही. पुढे १९४४ मध्ये अमेरिकेची बॉम्बफेकी विमानं जपानवर त्या उंचीवरून उडू लागली, तेव्हा वैमानिकांना या वाऱ्यांचा तडाखा बसला आणि सगळ्यांचे डोळे उघडले.

आता तुमच्या मनात येईल, मग नेहमी पूर्वेकडूनच का जात नाहीत? कारण वारा रोज सारखा नसतो. तो वर-खाली सरकतो, वळसे घेतो, ऋतूप्रमाणे बदलतो. म्हणून विमान कंपन्या प्रत्येक उड्डाणाआधी त्या दिवसाचा वारा बघून मार्ग आखतात. काल ज्या मार्गाने गेलं त्याच मार्गाने आज जाईल असं नाही. आणि येताना पॅसिफिकवरून पश्चिमेकडे यायचं तर हाच वारा समोरून येतो. म्हणून परतीचा मार्ग बऱ्याचदा वर, ध्रुवाच्या दिशेने नेतात. तिथे वारे त्यामानाने शांत असतात. २०२१ च्या जानेवारीत कॅप्टन झोया अगरवाल आणि त्यांच्या महिला सहकाऱ्यांनी सॅन फ्रान्सिस्कोहून बंगळुरूला विमान आणलं, ते उत्तर ध्रुवावरून.

तिसरी गोष्ट : अडचण आली तर उतरायचं कुठे?

आपला दोरा हिमालय आणि तिबेटवरून जातो, असं मघाशी म्हटलं. विमान तर अकरा किलोमीटरवर उडतं आणि एव्हरेस्ट नऊ किलोमीटरपेक्षाही कमी. मग हरकत काय?

हरकत नेहमीच्या दिवशी नसते, वाईट दिवशी असते. समजा विमानातला हवेचा दाब अचानक गेला. डोक्यावरून मुखवटे खाली येतात, पण त्यांतला प्राणवायू मोजकी मिनिटं पुरतो. तेवढ्या वेळात विमानाला सुमारे तीन किलोमीटर उंचीवर उतरावं लागतं, म्हणजे माणसांना साध्या हवेत श्वास घेता येतो. आता तिबेटचं पठारच सरासरी साडेचार किलोमीटर उंच. म्हणजे तीन किलोमीटरवर तिथे जमीन आहे, हवा नाही. एक इंजिन बंद पडलं तरी तीच गोष्ट, कारण एका इंजिनावर विमानाला तेवढी उंची टिकवता येत नाही. म्हणून हा पट्टा शक्यतो टाळतात, आणि दोरा तिथेच मोडतो.

समुद्रावर आणि ध्रुवाकडे वेगळी काळजी. दोन इंजिनांच्या विमानांसाठी नियम असा, की मार्गावर कुठेही असताना एका इंजिनावर ठरावीक वेळेत एखाद्या विमानतळावर पोचता आलं पाहिजे. पूर्वी ही मर्यादा ६० मिनिटांची होती. १९८५ मध्ये ती १२० मिनिटांपर्यंत वाढवली गेली आणि पुढे १८० मिनिटं व त्याहूनही जास्त झाली. इंजिनं भरवशाची झाली तशी मर्यादा सैल झाली. पण मर्यादा आहे. त्यामुळे विमानाचा मार्ग हा रिकाम्या आकाशातली मोकळी रेघ नसते. तो या विमानतळाच्या आवाक्यातून त्या विमानतळाच्या आवाक्यात, असा जातो.

याचा अर्थ ६ जून २०२३ रोजी सगळ्यांना कळला. दिल्लीहून सॅन फ्रान्सिस्कोला निघालेल्या एअर इंडियाच्या विमानाच्या एका इंजिनात बिघाड झाला आणि वैमानिकांनी ते रशियाच्या अतिपूर्वेकडच्या मगदान या शहरात सुखरूप उतरवलं. विमानात २१६ प्रवासी आणि १६ कर्मचारी होते. मगदान लहान शहर, तिथे एवढ्या माणसांसाठी हॉटेलं नव्हती. प्रवाशांची सोय जमेल तशी करावी लागली, कुणी वसतिगृहात राहिलं, कुणी शाळेत. मुंबईहून दुसरं विमान पाठवलं गेलं आणि ८ जूनला मंडळी सॅन फ्रान्सिस्कोला पोचली. पंधरा-सोळा तासांचा प्रवास दोन दिवसांचा झाला. पण नियमाने आपलं काम केलं. उतरायला जागा होती, आणि विमान तिथे पोचलं.

चौथी गोष्ट : आकाश कुणाचं?

समुद्र मोकळा आहे, जमिनीवर सीमा आहेत. आणि आकाश? १९४४ च्या डिसेंबरात शिकागोला देशोदेशीचे प्रतिनिधी जमले आणि करार झाला. त्याचं पहिलंच कलम सांगतं, की प्रत्येक देशाचा आपल्या भूभागावरच्या आकाशावर पूर्ण आणि एकट्याचा हक्क आहे. म्हणजे वरून जायचं तर परवानगी हवी, आणि त्यासाठी शुल्कही भरावं लागतं.

ही परवानगी गेली तर काय होतं, याचं सर्वांत स्वच्छ उदाहरण आपल्या मार्गावरचं नाही. त्यासाठी जरा फिनलंडला जाऊ. हेलसिंकी ते टोकियो सरळ अंतर सुमारे ७,८०० किलोमीटर. हा दोरा जवळजवळ सगळा रशियावरून जातो. सोव्हिएत काळात हे आकाश फिनलंडच्या कंपनीला खुलं नव्हतं, म्हणून १९८३ मध्ये फिनएअरने टोकियोची थेट सेवा सुरू केली ती उत्तर ध्रुवाला वळसा घालून. वेळ लागायचा तेराएक तास. पुढे रशियाचं आकाश खुलं झालं आणि प्रवास साडेनऊ तासांवर आला. २०२२ च्या फेब्रुवारीत युक्रेनवर हल्ला झाला, निर्बंध आले, आणि रशियाने युरोपच्या विमानांना आकाश बंद केलं. प्रवास पुन्हा तेरा तासांवर गेला, पुन्हा ध्रुवावरून. चाळीस वर्षांत विमानं सुधारली, पण वेळ जिथे होती तिथे परत आली.

आता परत दिल्लीला येऊ. रशियाने भारतीय विमानांना आकाश बंद केलं नाही, म्हणून आपल्या विमानांना तिथून जाता येत राहिलं आणि मगदानला उतरताही आलं. पण दिल्लीसमोर वेगळी भिंत आहे. समोर उत्तरेला हिमालय आणि तिबेट. म्हणजे घराबाहेर पडायला दोनच दारं. उजवीकडचं बांगलादेश-म्यानमारकडचं आणि डावीकडचं पाकिस्तानकडचं. २०१९ मध्ये फेब्रुवारीच्या अखेरीपासून जुलैच्या मध्यापर्यंत डावीकडचं दार बंद होतं. २०२५ मध्ये पहलगामच्या हल्ल्यानंतर, २४ एप्रिलला, पाकिस्तानने भारतीय विमानांसाठी ते पुन्हा बंद केलं. पश्चिमेकडे जायचं तर दिल्लीच्या विमानाला आधी खाली गुजरातकडे, अरबी समुद्रावर आणि मग वर असा वळसा पडू लागला.

वळसा म्हणजे नुसता वेळ नव्हे, इंधन. हे बोईंग ७७७-२०० एलआर पूर्ण भरलं की जास्तीत जास्त ३४७ टनांचं होऊन उडू शकतं, आणि टाक्यांत इंधन मावतं सुमारे १४५ टन. म्हणजे चाळीस टक्क्यांहून जास्त वजन नुसत्या इंधनाचं. वाट वाढली की इंधन वाढवायचं, ते वाढीव इंधन वाहून न्यायला आणखी इंधन. शेवटी एक तर माणसं आणि सामान कमी करायचं, नाहीतर वाटेत उतरायचं. म्हणून २०२५ मध्ये अमेरिकेच्या काही विमानांना व्हिएन्ना किंवा कोपनहेगनला थांबा घ्यावा लागला. त्याच वर्षी जूनमध्ये सॅन फ्रान्सिस्कोहून मुंबईला येणारं विमान कोलकात्याला थांबून येत होतं. तिकिटावरचं अंतर बदललं नव्हतं, फक्त एक दार बंद झालं होतं.

पाचवी गोष्ट : घड्याळाचा हिशोब

आता तिकीट वाचू. तिकिटावरची प्रत्येक वेळ ही त्या त्या गावची असते. भारत आणि सॅन फ्रान्सिस्को यांत उन्हाळ्यात साडेबारा तासांचं अंतर असतं, हिवाळ्यात साडेतेरा. तिकडे मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळं एक तास पुढे करतात आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे घेतात. आपलं घड्याळ नेहमीच पुढे.

उदाहरण घेऊ. समजा मे महिन्यात रविवारी पहाटे ४ ला दिल्लीहून निघालात आणि रविवारीच सकाळी ७ ला पोचलात. तीन तासांत अमेरिका? नाही. तीनमध्ये साडेबारा मिळवा, साडेपंधरा तास. परत येताना उलट. सोमवारी सकाळी साडेदहाला निघालात, मंगळवारी दुपारी ३ ला उतरलात. घड्याळात साडेअठ्ठावीस तास दिसतात. त्यातून साडेबारा वजा करा, सोळा तास. जाताना मिळवायचे, येताना वजा करायचे. एवढं लक्षात ठेवलं की पुरे.

पॅसिफिकवरून जाताना मध्ये आंतरराष्ट्रीय वाररेषा लागते. रविवारी पहाटे निघालेला माणूस पूर्वेकडे, सूर्याच्या समोर जातो, म्हणून दिवस भराभर संपतो, समुद्रावर रात्र होते, आणि पुन्हा उजाडतं ते रविवारचंच. येताना तारीख हातातून निसटते. मघाशी सांगितलेलं बंगळुरूचं विमान ९ जानेवारीच्या रात्री निघालं आणि ११ जानेवारीच्या पहाटे उतरलं, पण आकाशात होतं सतराएक तास.

म्हणून ज्यांना रोज ठरावीक वेळी औषध लागतं त्यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे न बघता मधले तास मोजायचे. गोळी चोवीस तासांनी असेल तर चोवीस तासांनीच. मनगटावरचं घड्याळ पोचेपर्यंत भारताच्याच वेळेवर ठेवा, हिशोब सोपा होतो. इन्सुलिन घेणाऱ्यांनी निघण्याआधी आपल्या डॉक्टरांकडून वेळापत्रक लिहून घ्यावं. आणि मगदान आठवा. औषधं हातातल्या पिशवीत, दोन-तीन दिवस जास्तीची.

आणखी एक. तिकिटावरचा वेळ म्हणजे विमान जागेवरून हलल्यापासून उतरून जागेवर उभं राहीपर्यंतचा. त्यात धावपट्टीकडे जाणं, रांगेत थांबणं सगळं धरलेलं असतं. म्हणून कधी कधी "आम्ही वेळेआधी चाळीस मिनिटं पोचलो" असं होतं. त्या दिवशी वारा पाठीशी होता, इतकंच.

प्रश्नोत्तरं

प्रश्न : पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते. मग विमान नुसतं वर थांबलं तर सॅन फ्रान्सिस्को आपोआप खाली यायला नको का?

प्रश्न छान आहे, आणि लहानपणी आम्हालाही पडला होता. पण पृथ्वीबरोबर हवाही फिरते. चालत्या रेल्वेत तुम्ही उडी मारलीत तर मागच्या डब्यात पडत नाही. विमान त्या फिरणाऱ्या हवेतच उडतं. म्हणून पृथ्वीच्या फिरण्याचा थेट फायदा-तोटा नाही. फायदा होतो तो हवा जमिनीपेक्षा जास्त वेगाने वाहते तेव्हा, म्हणजे वाऱ्याचा.

प्रश्न : माझे गुडघे दुखतात. मुंबईहून जायचंय. मुलगा म्हणतो दुबईमार्गे ये, मध्ये विश्रांती मिळेल. तसं करू का?

आजी, आधी अंतर बघा. मुंबई–दुबई सुमारे १,९०० किलोमीटर, तीनेक तास. दुबई–सॅन फ्रान्सिस्को सुमारे १३,०००, म्हणजे पुन्हा पंधरा-सोळा तास. एकूण अंतर फार वाढत नाही, पण विश्रांती मिळते ती प्रवासाच्या सुरुवातीलाच, दमण्याच्या आधी. त्यापेक्षा फ्रँकफर्टसारखं मधलं ठिकाण बघा. मुंबईहून सुमारे ६,६०० आणि पुढे सुमारे ९,१५०. एकूण वाट जराशी जास्त, पण दोन तुकडे बऱ्यापैकी सारखे, एक नऊ तासांच्या आसपास आणि दुसरा अकरा-साडेअकरा. मध्ये दोन-अडीच तासांपेक्षा कमी वेळ असलेलं तिकीट नको, आणि व्हीलचेअर आधीच सांगून ठेवा. एक विचारून घ्या, त्या देशात नुसतं विमान बदलायला व्हिसा लागतो का. हा नियम देशागणिक वेगळा असतो.

प्रश्न : एवढी प्रगती झाली, मग विमानं जास्त वेगाने का जात नाहीत?

१९६० च्या दशकातली जेट विमानंसुद्धा जवळपास याच वेगाने जायची. आवाजाच्या वेगाच्या जवळ गेलं की हवेचा विरोध एकदम वाढतो आणि इंधन भराभर संपतं. काँकॉर्ड विमान आवाजाच्या दुप्पट वेगाने जायचं, लंडन ते न्यूयॉर्क साडेतीन तासांत. १९७६ ते २००३ त्याने प्रवासी नेले. पण एका दमात ते सात-एक हजार किलोमीटरच जायचं. सॅन फ्रान्सिस्कोला जाताना त्याला मध्ये उतरून पुन्हा इंधन भरावं लागलं असतं. तेव्हा या साठ वर्षांत विमानांचा वेग वाढला नाही, पल्ला वाढला. आपण न थांबता जातो, ही खरी प्रगती.

वेळ झाली आहे, म्हणून थांबतो. पुढच्या वेळी तिकीट काढाल तेव्हा अंतराच्या आकड्यावर समाधान मानू नका. तीन गोष्टी विचारा. विमान सध्या कुठल्या मार्गाने जातंय, वाटेत इंधनाचा थांबा आहे का, आणि त्या महिन्यात दोन्ही घड्याळांत साडेबारा तास आहेत की साडेतेरा. आणि तिकडे न्यायला येणाऱ्याला सांगा, घरून निघण्याआधी विमान कुठे आहे ते एकदा बघून घे. वारा पाठीशी असेल तर आई-बाबा आधीच बाहेर येऊन उभे असतील.